उशाखालचा चाकू

गाद्या उन्हात टाकायच्या म्हणून सिताबाईनं सुनेची उशी उचलली, आणि तिचा हात तिथंच थांबला. उशीखाली चाकू होता. लाल मुठीचा, मिटायचा, मोनिकाच्या पर्समध्ये सदान्‌कदा असतो तोच. पण आता तो मिटलेला नव्हता. पातं सगळं उघडं होतं.

सिताबाईनं उशी होती तशी ठेवली. गाद्या त्या दिवशी उन्हात गेल्याच नाहीत.

हा चाकू तिला पहिल्यापासून खुपायचा. मोनिकानं तो माहेरी, येरमाळ्याच्या यात्रेत घेतला होता आणि सासरी सोनारीला येताना बरोबर आणला होता. कामाचा होता, कोण नाही म्हणतंय! कडब्याची पेंढी सोडा, खताच्या पोत्याची शिवण उसवा, ठिबकची नळी कापा, बांधावर बसून पेरू चिरा, सगळीकडं हा हजर. घरची विळी काही उठून रानात येत नाही. पण त्याच्या खोडीही कमी नव्हत्या. बिजागरीत माती आणि पेरूचा चिकटा बसायचा. खटका सैल झाला की पातं बोटावर मिटायचं, मोनिकाचं बोट एकदा त्यानं चांगलंच चिरलं होतं. तुळजापूरला तपासणीवाल्यांनी पर्समधून तो काढून ठेवला, तेव्हा तर सगळ्या रांगेनं मान वळवून बघितलं होतं. सिताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईमाणसाच्या पर्समध्ये चाकू कशाला, असं ती तेव्हापासून म्हणत होती.

आणि आता तो उशाखाली आला होता.

सिताबाईचं मन मग नको तिथं फिरायला लागलं. महिन्याभरापूर्वी मोनिकाचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्या दिवशी तिचा नवरा भागवत भाजीची गाडी घेऊन पुण्याला गेलेला, फोन लागेना. बार्शीच्या दवाखान्यात सासू एकटीच सोबत होती. सून रिकाम्या हातानं घरी आली. सिताबाईनं तिला चार दिवस पडू दिलं आणि पाचव्या दिवशी भांड्यांना बसवलं. कामात जीव रमतो, असं तिचं म्हणणं. मोनिका रडली नाही. नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. हेच सिताबाईला आता खटकायला लागलं. जिनं भांडायला पाहिजे ती भांडत नाही, म्हणजे तिनं मनात धरून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा उशी उचलून बघितली. उघडा. दुपारी पर्स चाचपली, तर तिथं तो शहाण्यासारखा मिटलेला. म्हणजे दिवसा मिटतो आणि झोपताना उघडतो! मिटायचा चाकू कुणी उगाच उघडा ठेवून झोपतं का?

शेजारच्या गौराबाईला सांगू नये असं तिनं ठरवलं होतं, म्हणजे अर्थातच सांगितलं.

गौराबाई जवळ सरकली. "मोबाईलवर बघत न्हाईस का तू? काय काय करायलेत बाया नवऱ्याचं. लेकराला जप माय तुझ्या."

झालं. आधीच संशय, त्यात हे खतपाणी. भागवत जेवायला बसला की सिताबाईची नजर त्याच्या गळ्याकडं जायची. भाकरी तिच्या हातातच राहायची.

"तुझं आन् तिचं बरं हाय नव्हं?" तिनं विचारलं.

"बरं हाय की. का गं?"

"काय न्हाय. कालवण घे."

लेक सासरी, मुलगा हा एवढा एकच. त्याला काही झालं तर आपण कुणाच्या तोंडाकडं बघायचं? या विचारानं सिताबाईला अन्न गोड लागेना. शेवटी तिनं मोनिकाच्या भावाला फोन करून बहिणीला घेऊन जायला बोलावलं. कारण सांगितलं नाही. सुनेला परत आणायचं नाही, हे मात्र तिनं मनाशी पक्कं केलं. भागवतला काय सांगायचं ते नंतर बघू.

मोनिका अंगणात शेंगा फोडत बसली होती. सिताबाईनं तिचे कपडे भरलेली पिशवी तिच्यापुढं आणून ठेवली आणि वर तो चाकू ठेवला.

"भाऊ येतोय तुझा. त्याच्या आधी एवढं सांग. ह्यो कुणासाठी ठेवतीस उशाखाली?"

मोनिका चाकूकडं बघत राहिली.

"भागवतसाठी आसंल तर तोंडावर सांग. म्या आई हाय त्याची."

मोनिकाला ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तसा तिचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली शेंग तिनं सुपात टाकली.

"आत्या, वन्सं बाळंतपणाला आल्या तवा त्यांच्या उशाला तुमी काय ठेवलं होतं?"

"विळा. ते काय इचारायचं? बाहेरचं काय लागू नये म्हणून बाळंतिणीच्या उशाला लोखंड लागतंच." सिताबाई फटकन बोलून गेली, आणि बोलता बोलताच तिची नजर पिशवीवरच्या चाकूवर गेली.

"माझ्या उशाला कुणी ठेवलं न्हाय," मोनिका म्हणाली. "बाळच न्हाय तर विळा मागू कसा, लाज वाटली मला. चाकू तेवढा माझा होता. मिटलेला चालतो का, ते कुणाला इचारावं कळंना, म्हणून उघडा ठेवत होते."