दहा पिंजऱ्यांचा वास

"हे आकडे तुम्ही घरी बसून भरलेत," कोलारकर सर म्हणाले आणि उत्कर्षाचा प्रबंध त्यांनी टेबलावर टाकला.

बारामतीच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा ती. पुण्याहून आलेले बाहेरचे परीक्षक ते. त्यांच्या एका सहीवर उत्कर्षाची चार वर्षं अडकलेली. तिच्या गाईड मॅडम खाली बघू लागल्या.

प्रबंध होता चिचुंद्रीच्या वासावर. नराच्या दोन्ही कुशींना वासाची ग्रंथी असते. नर खच्ची केला, अंगातलं नराचं संप्रेरक थांबलं, की ती ग्रंथी महिन्याभरात आटते आणि वासही जातो, असं उत्कर्षानं मोजून मांडलं होतं. सरांना ते आकडे फारच सरळ वाटत होते.

"आकडे राहू द्या, सर," उत्कर्षा म्हणाली. "शेजारच्या खोलीत दहा नर आहेत. पाच खच्ची, पाच तसेच. पिंजऱ्यांवर फडकी टाका, हवे तसे मांडा. मी नुसत्या वासावरून सांगते."

सर हसले. पण उठले.

दत्तोबा शिपायानं सर सांगतील तसे पिंजरे उलटसुलट करून ओळीनं लावले, वर फडकी टाकली. कुठल्या पिंजऱ्यात कोण, याची यादी सरांच्या हातात. मोठे साहेब येणार म्हणून दत्तोबानं सकाळीच सगळे पिंजरे फिनेलनं धुऊन लख्ख केले होते. त्या वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. उत्कर्षानं मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडल्या, ओढणी कमरेला खोचली आणि पहिल्या पिंजऱ्याशी वाकली.

"तसाच. खच्ची. खच्ची. तसाच..." दहाव्यापर्यंत ती थांबली नाही.

सरांनी यादीवर खुणा केल्या. "दहापैकी आठ. चौथा आणि नववा चुकला. पण आठ काही कमी नाहीत, मी सही करतो. दोन चुकले एवढं मान्य करा, म्हणजे झालं."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. हो म्हण बाई, असं त्या डोळ्यांनी सांगत होत्या. उत्कर्षाच्याही जिभेवर 'हो' आलंच होतं. सही मिळत होती की! पण चौथ्या पिंजऱ्यातला तो उग्र दर्प अजून तिच्या टाळूला चिकटून होता. नाकाला खोटं पाडून सही घ्यायची? मग आकडेही खोटेच ठरले.

"न्हाय सर," तिच्या तोंडून गावाकडचंच निघालं. "माझं चुकलेलं न्हाय. यादी चुकलीय. चौथा खच्ची न्हाय."

"उत्कर्षा!" मॅडम कळवळल्या.

तिनं हातमोजा चढवला, चौथ्यातला नर धरून उताणा केला आणि पोटावर फुंकर मारली. राखाडी केस बाजूला झाले. खाली कातडी साफ, टाक्याचा व्रणच नाही. मग नववा. फुंकर मारली, आणि हा एवढा पांढरा व्रण!

दत्तोबा डोकं खाजवू लागला. "सकाळी धुताना ह्या दोन पिंजऱ्यांतलं एकदमच भाईर काढलं व्हतं, सर. परत ठिवताना झालं आसंल हिकडचं तिकडं."

दहापैकी दहा! मॅडमनी चक्क टाळी वाजवली. सरांनी प्रबंध उचलला, उभ्याउभ्याच सही ठोकली आणि मग पिंजऱ्याशी नाक नेऊन पाहिलं.

"मला तर फिनेलशिवाय कसलाच वास येत नाही. कुठं तयार केलंत हे नाक? कुठल्या प्रयोगशाळेत?"

चार वर्षं हॉस्टेलवर तिनं 'वडील शेती करतात' एवढंच सांगितलं होतं. खच्ची केलेल्या बोकडाचा वास कसा दिवसादिवसानं उतरत जातो, हे बापानं, अप्पांनी, तिला सातव्या वर्षी मेंढरांच्या वाड्यावर हुंगायला लावून शिकवलं, हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. आजही कळंबच्या रानात मेंढरं बसवून थेट इकडं आलेल्या अप्पांना तिनं अंगावरच्या घोंगड्याचा वास येतो म्हणून खाली झाडाखालीच थांबवलं होतं. त्याच्या लाजेनं तिला आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"प्रयोगशाळा न्हाय, सर. माझे अप्पा. खाली हायेत," ती म्हणाली. आणि सर काही बोलायच्या आत तिनं खिडकी उघडून, माळावर हाळी द्यावी तशी हाळी दिली, "अप्पाऽऽ! वर या! घोंगडं घेऊनच या!"