झाकण लावलेली दुर्बीण

“नीट चाल की गं! कामून लंगडायलीस?” केशरबाई सायलीच्या कानाशी पुटपुटली.

सायली आणखीच लंगडली.

शिरूर कासारच्या अलीकडं, राखीव रानातल्या तळ्यावर केशरबाई आल्या-गेल्याला पक्षी दाखवायची. सायली तिच्या हाताखाली तयार झालेली. पाण्यावरचा ठिपका बघून नाव सांगायची. पुढं हेच काम करायचं, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलेलं.

सकाळी तिची आई संगीता सांगून गेली होती, “आजच्या पाहुण्यांना पसंत पडली तर पोरीचं भलं होतंय, केशरमावशी.” पोरीला कायमचं काम लागणार म्हणून केशरबाईनं चांगल्यातल्या दुर्बिणी पुसून काढल्या. संगीतानंही पाहुण्यांना घरी न नेता चहाचा थर्मास थेट तळ्यावर आणला होता.

पाहुणे म्हणजे एक जोडपं आणि मोबाईलात तोंड खुपसलेला त्यांचा तरणा पोरगा.

तळ्याच्या पाटीपाशी पाहुणी बाई थांबली. “वाच बरं, पोरी.”

“पा... पान... पानथळ...”

केशरबाईनं कपाळाला हात लावला. ती पाटी सायलीनंच रंगवली होती.

“तो नारिंगी पक्षी कोणता गं?” तिनं मुद्दाम सोपा प्रश्न टाकला.

“कोंबडी.”

पाण्यातल्या चक्रवाकाला मराठी येत नव्हतं, हे त्याचं नशीब.

“ओझं उचलती का?” पाहुण्यानं विचारलं. डोळ्याला दुर्बीण लावलेली, पण झाकण तसंच.

“उचलती की!” संगीता घाईनं म्हणाली.

“न्हाई. कंबर धरती माझी,” सायली म्हणाली.

बाईनं नवऱ्याकडं बघून मान हलवली. “चला. हिच्यात काय दम न्हाई.”

पोर अशी नापास झालेली केशरबाईला बघवेना. “थांबा हो ताई! आज काय बिनसलंय कुणास ठाऊक. लई चिवट हाय ही. दुर्बिणीचं स्टँड खांद्यावर घेऊन आख्ख्या तळ्याला फेरा मारती, उन्हातान्हात हूं की चूं करत न्हाई. दिवाळीनंतर या, आणखी लांबलांबचे पक्षी उतरत्यात. तवा बघा हिला.”

“दिवाळीनंतर आमी हितं नसतो,” बाई म्हणाली. पण तिचा चेहरा खुलला होता. तिनं सायलीचा दंड चाचपला. “चिवट हाय म्हणता? मग जमलं म्हणा की, संगीताबाई.”

केशरबाईनं सुस्कारा सोडला. शेवटी आपणच वाचवली पोरीला.

सायलीचं लंगडणं थांबलं. ती सरळ पाहुण्यापुढं गेली, त्याच्या दुर्बिणीचं झाकण काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

“तो चक्रवाक हाय. निवांत बघा,” ती म्हणाली. मग पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात, “मावशी, ह्यांना पक्षी बघायचेच न्हाईत. पोराच्या जोडीला ऊस तोडायला सून बघायलेत, आन् मला आत्ताशी पंधरावं लागलंय.”