डालग्याखालचा ससा

आसारामानं डालगं उचललं आणि खाली ससा नव्हता.

झालं!  म्हाताऱ्यानं डालगं उलटं करून आत पाहिलं, जणू ससा टोपलीच्या बुडाला चिकटून बसणार होता. गवतावर चार लेंड्या आणि अर्धं खाल्लेलं गाजर. आणि कडेला, नेमकं डालग्याच्या काठाखालून, ताजी उकरलेली माती.

हे डालगं त्यानं गावाहून, सुप्याच्या पलीकडून, एस.टी.च्या टपावर टाकून मुद्दाम आणलं होतं. निरगुडीचं विणलेलं, कमरेएवढं उंच. गावाकडं करडं झाकतात ते. नातीचा, पूजाचा, कापूस नावाचा ससा घरात नको, असा आसारामाच्या पोरानं, प्रशांतनं हुकूम काढला होता, कारण सहा वर्षं नंबर लावून मिळालेल्या फोनची वायर सशानं एका दुपारात कुरतडून ठेवली होती. रोज सकाळी तासभर बाहेर मोकळा फिरवायचा, बाकी वेळ पिंजरा. आठ दिवस बघतो, नाही जमलं तर ससा जाईल, असं तो म्हणाला होता. तेव्हा आसाराम छातीवर हात ठेवून बोलला होता, "मी हाय की. चाळीस वर्सं राखण केलीय."

दावं बांधायचा विचार त्यानं आधीच सोडून दिला होता. एका उडीत त्या एवढ्याशा मानेचं काय होईल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. म्हणून डालगं. वर धोंडा ठेवला, मांजरानं पाडू नये म्हणून. फाटक लावलं, कुत्रं शिरू नये म्हणून. वर घार फिरते का, तेही बघून घेतलं. पण खालनं काही होईल, हे शेळ्यांमागं हयात घालवलेल्या माणसाच्या ध्यानात यायचं तरी कसं? करडू कधी माती उकरतं का?

"आबा, कापूस कुठाय?" पूजा पायरीवरून ओरडली. तिसरीच्या मॅडमनी सगळ्या वर्गाला आजच्या रविवारचं काहीतरी लिहून आणायला सांगितलं होतं, म्हणून ती वही घेऊनच आली होती.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवर शेजारच्या आप्पासाहेबांचं डोकं उगवलं. पाठोपाठ त्यांचा हात, आणि हातात, कानांना धरून लोंबकळणारा ससा. "हे तुमचंच ना? अहो, फाटकाखालून येऊन कोथिंबिरीचा अख्खा वाफा साफ केला याने!"

"कान सोडा आदी! बुडाखाली हात घाला त्याच्या," आसाराम धावला आणि सशाला त्यानं पोटाशी धरलं. इवल्याशा जिवाची छाती नुसती धडधडत होती. म्हाताऱ्याचीही काही वेगळी गत नव्हती.

प्रशांत स्कूटर पुसायचं फडकं हातात घेऊनच आला. त्यानं आधी आप्पासाहेबांची हात जोडून माफी मागितली, ते डोकं भिंतीआड जाईपर्यंत थांबला, आणि मग म्हणाला, "संपलं. एमआयडीसीतला एकजण न्यायला तयार आहे. संध्याकाळी बोलावतो त्याला."

पूजा मोठ्यानं रडायला लागली. न्यायला तयार असलेला माणूस सशाचं पुढं काय करतो, हे तिला ठाऊक नव्हतं. आसारामाला चांगलं ठाऊक होतं.

"पर्शांत," तो म्हणाला, "राखणीतली शेळी दुसऱ्याच्या हरबऱ्यात शिरली, तर गावात शेळी इकत न्हाईत."

"आबा, इथं गावाचं काय?"

"ऐक तर. शेळीला कुनी बोल लावत न्हाई. राखणाऱ्याला इचारत्यात. त्यानं हयगय केली आसंल, तर त्याची राखण काढून घेत्यात. जनावर घरीच ऱ्हातं."

"म्हणजे काय करू मी?"

"म्हंजे मला गावाला सोड. ससा ऱ्हाऊ दे. चूक माझी हाय."

हे काही तो रुसून बोलला नव्हता. गावची रीत होती तशी सांगितली, सरळ.  शहरात, पोराकडं सावेडीत आल्यापासून, इथं जीव रमत नाही म्हणून रोज गावाचं नाव घेणारा हा माणूस. आणि आता या चार हात गवतातून, या रडणाऱ्या पोरीजवळून आपल्याला हलायचं नाही, हे त्याला लख्ख कळलं. ससा त्यानं जरा जास्तच घट्ट धरला.

 प्रशांत फडकं खांद्यावर टाकून मागच्या बाजूला गेला. पूजा रडायची थांबली. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पहार होती. त्यानं इस्त्रीची पॅंट गुडघ्यापर्यंत वर घेतली, डालगं गवतावर पालथं घातलं आणि पहारेच्या टोकानं त्याच्या कडेनं गोल रेघ मारली.

"आबा," तो मान वर न करता म्हणाला, "काठ किती खोल गाडायचा?"

ससा किती खोल उकरतो, हे आसारामाला कुठं माहीत होतं! पण पोरानं त्याला काही विचारलं, त्याला किती वर्षं लोटली होती. त्यानं ससा पूजाच्या हाती दिला, खाली बसला, आणि वीत ताणून मातीवर टेकवली.

"येवढा," तो ठासून म्हणाला.