मोठ्या युद्धनौकेचं चिलखत

"हेही गेलं," म्हणत सुनेने आपलं शेवटचं छोटं जहाज पटावरून उचललं. "जिंकलात, बाबा."

सासऱ्यांनी वहीत रेघ ओढली. दहावा डाव संपला होता. मोठ्या युद्धनौकेचे पाच, छोट्या जहाजांचे पाच.

सासऱ्यांचं आयुष्य लेथ मशीनवर गेलं. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी अंतराळातल्या लढाईचा हा बैठा खेळ रचला. पितळेची जहाजंसुद्धा स्वतःच कातली. एका बाजूला एकच अजस्र युद्धनौका, दुसऱ्या बाजूला सहा चिमुकली जहाजं. खेळ झकास होता, फक्त बरोबरीचा होत नव्हता. मोठीचं चिलखत वाढवलं की ती एकटी सहांना लोळवायची. कमी केलं की ती सहा मिळून तिचे लचके तोडायची. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात सासऱ्यांचा नियम असा, की चिलखताचा आकडा बदलला की दहा डाव खेळायचे, आणि पाच-पाच झाल्याशिवाय खेळ प्रकाशकाकडे पाठवायचा नाही. आठ महिन्यांत आकडा बावीस वेळा बदलला होता.

मुलगा पहिल्याच आठवड्यात पाठदुखीचं निमित्त काढून सटकला. तेव्हापासून समोर सूनच बसायची. दवाखान्यात दिवसभर उभी राहून यायची, कसाबसा चहा घ्यायची आणि छोटी जहाजं मांडायची. तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. सासऱ्यांचीही तीच गत. पण थांबूया म्हणायची दोघांचीही तयारी नव्हती. प्रकाशकाने तीनदा मुदत वाढवून दिली होती. आज संध्याकाळी सहापर्यंत आकडा आला नाही, तर तो दुसऱ्या कुणाचा खेळ छापणार होता.

पावणेसहा झाले होते.

"जमलं म्हणायचं," सासरे म्हणाले आणि फोन हातात घेतला.

इतक्या महिन्यांनी जमलं, तरी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. थकले असतील, असं सुनेला वाटलं. ते चष्मा कपाळावर सरकवून एकेक अक्षर शोधत निरोप लिहीत होते. तिला त्यांच्याकडे बघवेना. उद्या कुठल्याशा घरात माणसं हौसेने खोका उघडतील, पट मांडतील, आणि दोन डावांत वैतागून सगळं माळ्यावर टाकतील. त्या खोक्यावर बाबांचं नाव असेल.

"बाबा, पाठवू नका."

त्यांचं बोट तसंच थांबलं.

"मी हरले ते पाचही डाव मुद्दाम हरले," ती खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही एकदाचे सुटावंत म्हणून. मला तुमचे हाल बघवत नव्हते. चुकलंच माझं."

 सासऱ्यांनी फोन पटावर पालथा ठेवला आणि डोळे चोळले.

"उरलेले पाच," ते म्हणाले, "मी हरलो. तू सुटावीस म्हणून."