मामांची रहस्यकथा

"फक्त एक शब्द घाला, बाई," संपादक म्हणाला. "'उत्कंठावर्धक.' बाकी कशाला हात लावू नका."

बाईंनी चष्मा पुसला. टेबलावर रविवारच्या पुरवणीचं पान पसरलेलं होतं. कुठलाही प्रकाशक पाठीशी नसताना स्वतःच्या हिमतीवर पुस्तक काढणाऱ्यांसाठी त्या पानावर एक सदर होतं, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते बाई लिहीत होत्या. या वेळी एका नर्सच्या कविता होत्या, एका ट्रकचालकाचं प्रवासवर्णन होतं, शिवाय भूतकथा आणि एक रहस्यकथा. भूतकथांबद्दल बाईंनी लिहिलं होतं, "भुतं ठीकठाक. सासू मात्र अंगावर काटा आणते." रहस्यकथेबद्दल लिहिलं होतं, "खुनी कोण ते मला तिसऱ्या प्रकरणात कळलं. फौजदाराला शेवटपर्यंत का कळत नाही, एवढंच काय ते रहस्य."

ही रहस्यकथा वर्तमानपत्राच्या मालकांच्या मामांची होती.

लिहिताना बाईंना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पुस्तक घरी आलं की सून त्याला जुन्या कागदाचं कव्हर घालायची आणि आतलं नावाचं पान चिकटपट्टीने बंद करून टाकायची. लेखक कोण, लहान की थोर, हे लिहून होईपर्यंत बाईंना कळायचं नाही. शाळेत उत्तरपत्रिकाही त्या अशाच तपासायच्या, नावाची बाजू दुमडून. सुनेने मामांचं नाव वाचलंच असणार. पण ती काही बोलली नाही. इतकी वर्षं एका घरात राहून तीही सासूसारखीच झाली होती.

"मामा मालकांच्या केबिनमध्ये बसलेत," संपादक आवाज उतरवून म्हणाला. काचेच्या भिंतीपलीकडे पिकल्या मिशांचे एक गृहस्थ एकटेच चहा पीत होते. "सकाळपासून विचारतायत, काय लिहिलंय म्हणून."

"मग सांगितलंस का?"

"मी? मला काय जीव नकोसा झालाय?"

पन्नाशीला टेकलेला हा माणूस कधीकाळी बाईंच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. पोरं त्याला ढब्बू म्हणायची. धडा वाचायला उभा केला की आधी खिडकीबाहेर बघायचा. आताही तो तिकडेच बघत होता.

"ढब्बू, तू वाचलंस हे पुस्तक?"

"वाचलं."

"खुनी तुला कधी कळला?"

संपादकाने केबिनकडे एक नजर टाकली. "मुखपृष्ठावर," तो पुटपुटला. "हातात सुरी घेऊन माळी उभा आहे. तुम्ही कव्हर घालता, म्हणून तुम्हाला तिसऱ्या प्रकरणापर्यंत थांबावं लागलं."

बाई हसल्या. तोही हसला, पण लगेच सावरला.

"हसण्यावारी नेऊ नका, बाई. मामांबद्दल एकही चांगला शब्द नसला तर या रविवारनंतर सदर बंद. वरून तसा निरोपच आहे. मामांचं सोडा हो, बाकीच्यांचं काय? त्यांच्याबद्दल दुसरं कोण चार ओळी लिहिणार आहे? ती नर्स रात्रपाळी संपली की फोन करते. विचारते, येणार ना रविवारी छापून, नक्की येणार ना. आणि ते कपाट बघा. पुस्तकं येऊन पडलीत नुसती."

हे मात्र बाईंना लागलं. नर्सच्या संग्रहात झोपलेल्या म्हाताऱ्याची नखं कापण्यावर एक कविता होती. आवाज होऊ नये म्हणून ती नर्स प्रत्येक नख आपल्या मुठीत धरून कापते, एवढंच त्यात होतं. वाचल्यापासून ती बाईंच्या मनातून जात नव्हती.

एका शब्दाचा तर प्रश्न. बाईंनी पेन उचललं. समासात 'उत्कंठावर्धक' लिहिलं. मग वर कवितांपाशी गेल्या आणि स्वतःचीच ओळ पुन्हा वाचली: "या कविता चांगल्या आहेत." त्यांनी समासातला शब्द सावकाश, आडव्या रेघेने खोडला.

"अरे, या पोरीला मी चांगलं म्हटलंय. खाली मामांनाही चांगलं म्हटलं, तर तिचं खरं कोण मानेल?"

"पण सदरच राहिलं नाही, तर खरं लिहिणार कुठे?"

"या रविवारी तर आहे ना? नंतरचं नंतर. आणि कपाटातली पुस्तकं माझ्याकडे पाठवून दे. सदर बंद झालं म्हणून माझं वाचणं बंद होत नाही."

"बाई, तुम्ही सगळं सोपं करून टाकता."

"मुळीच सोपं नाही ते. तुला शब्द घालायचाच असेल तर घाल. तू संपादक आहेस. फक्त लेखावरचं माझं नाव काढ आणि तुझं टाक."

संपादक संगणकाच्या पडद्याकडे वळला. बराच वेळ त्याची बोटं नुसती बटणांवर टेकलेली होती. बाईंनी घाई केली नाही. उत्तर येईपर्यंत थांबायची त्यांना सवय होती. शेवटी त्याने एकच बटण दाबलं आणि खुर्चीत मागे रेलला.

"गेलं पान छापायला. जसंच्या तसं."

"शाबास."

"शाबास काय, बाई. मालकांना काय सांगू आता?"

"वाचलं आणि पटलं, असं सांग."

त्याने कपाळावरचा घाम पुसला. "तुम्ही तरी मागच्या जिन्याने जा. मामा या वाटेवरच बसलेत."

"बसू देत. त्यांनी पुढचं पुस्तक लिहायला घ्यायच्या आत त्यांना गाठायला हवं."

बाई उठल्या. काचेच्या दारावर त्यांनी टकटक केली आणि 'या' म्हणायची वाट न बघता आत शिरल्या. समोरची खुर्ची ओढून मामांच्या अगदी जवळ घेतली आणि ऐसपैस बसल्या.

"नमस्कार. तुमचं पुस्तक मी अक्षरन् अक्षर वाचलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचलंय का?"