लेथचा फोटो

घटस्थापनेच्या सकाळी मंडळाच्या फोटो प्रदर्शनात मी स्वतः काढलेल्या फोटोची फ्रेम टेबलावर मांडली. आमचं उद्यमनगरातलं तेलकट लेथ मशीन, काम पकडून फिरणाऱ्या चकाला लोखंडाचा कीस चिकटलेला. नवरा गेल्यावर त्याच मशीनवर राबून मी लेक वाढवली. मंडळाचे अध्यक्ष अमरसिंह हसत आले. "वहिनी, नवरात्रात लोखंड कोण बघतंय? तुम्ही एवढ्या उपासतापास करणाऱ्या, अंबाबाईचा फोटो काढायचा की. ह्यो उचला." "माझी अंबाबाई हीच, भाऊजी," मी हळूच म्हणाले. "मग निरांजनात ग्रीस घालता व्हय?" ते म्हणाले. भोवतीचे कार्यकर्ते हसले. अमरसिंहांनी फ्रेम उचलायला हात पुढं केला. देवळात न्यायच्या पिशवीतून मी विड्याची पानं काढून फ्रेमखाली सरकवली, हळदकुंकू वाहिलं. "देव घटी बसले. आता दसऱ्यापर्यंत कुणी हलवायचं न्हाय. तुमच्या घरात आईंना विचारा." अमरसिंहांनी हात मागं घेतला आणि पायातल्या चपला काढल्या.