चिंधीखात्याचा हात

"आई, तो पांढरा शर्ट तेवढा मला ठेव. बाकी कुणालाही दे," असं मयूर सकाळी कामावर जाताना दोनदा बजावून गेला होता. त्याच्या बापाचं, रघु परबांचं, तेरावं होऊन दोन दिवस झाले होते.

शर्टाची मिजासच तशी होती. रघुने गिरणीत स्वतःच्या साच्यावर, म्हणजे मागावर, विणलेल्या कापडाचा तो शिवलेला. गणपतीच्या पाच दिवसांत एकदा घालायचा, बाकी वर्षभर बायकोलासुद्धा हात लावू द्यायचा नाही.

दुपारी कमल नवऱ्याच्या कपड्यांचा ढीग घेऊन चाळीच्या गॅलरीत बसली. देण्यासारखे कपडे एकीकडे, फाटके बनियन फडक्यांना. म्हणून हातात कात्री. शेजारची बकुळा चहा घेऊन आली आणि टेकली.

"शेवटी काय बोलले गो भावजी?"

"कसलं बोलतायत. पाणी मागितलं. मी चमचा आणीपर्यंत..." कमल सांगत राहिली. हॉस्पिटल, नर्स, तो चमचा. डोळे समोरच्या भिंतीवर, हात ढिगात.

तिची वीस वर्षं चिंचपोकळीच्या कागद फॅक्टरीत गेली होती, चिंधीखात्यात. मुंबईभरचे जुने कपडे गोणींनी यायचे. बायकांनी बटणं तोडायची, कॉलर उसवायची, शिवणीवर फाडून वीतभर तुकडे करायचे. त्यांचा लगदा, लगद्याचा कागद. सुती कापड तिच्या बोटांना न बघता कळायचं. पुढे जो तो टेरिकॉट घालायला लागला, त्याचा कागद होईना, आणि फॅक्टरीने गाशा गुंडाळला. सगळ्या बायका एका दिवसात घरी बसल्या.

"अगो कमल, काय करतंस ता?" बकुळाने तिचं मनगट धरलं.

कमलने खाली पाहिलं. मांडीवर पांढरे तुकडे पडले होते, वीतभर, सगळे सारखे. बटणं ताटलीत होती. कॉलर कधीच वेगळी झाली होती.

संध्याकाळी मयूर आला तेव्हा तिने ढीग झाकला नाही. सरळ सांगितलं.

"एवढं एकच सांगितलं होतं ना मी," तो म्हणाला. आवाज चढवायला गेला आणि त्याला जमलं नाही. तो तिथेच तिच्यासमोर बसला.

"सुती लागलं रे बोटाला. हात चालत गेला." कमलला आता रडू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. "हजारो फाडले असे. गोणीतले बरेचसे मेलेल्या माणसांचेच असायचे, आम्हाला ठाऊक होतं. कुणाच्या पोराने ठेव म्हणून सांगितलं असेल, हे एकदासुद्धा मनात आलं नाही बघ."

तुकड्यांत एक बाही तेवढी अख्खी राहिली होती. मयूरने ती उचलली, ऑफिसच्या शर्टावरूनच हातात चढवली आणि खाली ओढली. मनगटाला चार बोटं आखूड पडली. त्याने पुन्हा ओढून पाहिली.

"एवढेच होते बाबा?"